रोहण्याचा पिवळा दिवा

गाडी रोहण्याच्या बाहेर पडली आणि इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा लागला.

नागसेनने स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. हॉर्न वाजला. पुढची म्हैस बाजूला झाली. दिवा काही हलला नाही.

निघताना बायको, सोनम, काहीतरी बोलत होती. तो "बस, उशीर होऊन राह्यला" म्हणाला होता. एवढं करूनही उशीर झालाच.

हा दिवा वर्धेत लागायचा नाही, आष्टीच्या बाजारातही नाही. बायकोला माहेराहून पिपरी मेघेला घरी न्यायला निघालं, की लागायचा. मग गाडी उलटी आर्वीच्या गॅरेजात, आणि हे दोघं बसने परत रोहण्यात. सासरे ताराचंद अंगणातूनच विचारायचे, "आले का जावईबुवा?" जणू तो वावरातून आला. इकडे त्याच्या सुट्ट्या संपल्या होत्या. साहेबांनी सांगितलं होतं, आता दिव्याचं कारण द्यायचं तर येताना दिवाच काढून आण.

मोतीलाल मिस्त्रीने आधी प्लग बदलले. मग सेन्सर. मग उंदराने कुरतडली असेल म्हणून वायर. नागसेनने स्वतःच्या मनाने बॉनेटमध्ये उंदराचं औषध ठेवलं. पेट्रोलात भेसळ असेल म्हणून पेट्रोल भरायचा पंप बदलला. समोर लिंबू-मिरच्या इतक्या लटकत होत्या, की एका घरचं लोणचं झालं असतं.

आज मोतीलालने बॉनेट उघडलंच नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पेट्रोलच्या टाकीपाशी थांबला. आतलं फिरकीचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं.

"हे टकटक वाजेपर्यंत फिरवा लागते, भाऊ. ढिलं राह्यलं का दिवा लागते. बाकी गाडी ठणठणीत हाय."

नागसेनच्या डोळ्यांपुढे सासरे उभे राहिले. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. काट्यावर विश्वास नाही, टाकीत कापसाच्या पऱ्हाटीची काडी बुडवून डिझेल बघणार. नागसेनने तिथूनच फोन लावला.

"मामाजी, खरं सांगा. माया गाडीच्या टाकीत काडी घातली का तुमी?"

"गेलतो काडी घेऊन," ताराचंद म्हणाले. "पन ते बाहेरचं झाकन उघडते कसं तेच समजलं नाई. दोन चकरा मारल्या अन् घरात आलो. सोनम म्हने, त्याची कळ आतून सीटखाली असते."

नागसेनने फोन खिशात ठेवला. मोतीलालला एकदम दुसऱ्या गाडीखाली काम निघालं.

सोनम गाडीतच बसून काचेतून समोर बघत होती.

"काऊन केलं असं?" नागसेनने विचारलं.

"आनखी चार दिवस राहू द्या, असं मी दर खेपेले म्हनलं. तुमी गाडी चालू केली," सोनम म्हणाली. "दिवा लागला का मात्र थांबता."