दोघांची जागा

बोडिलला चाकांच्या खुर्चीतून उचलून बर्फावरच्या स्लेजगाडीवर बसवेपर्यंत ती ओढणारी कुत्री भुंकून भुंकून वेडी झाली होती. स्लेज हाकणाऱ्या एनोकने तिच्या पाठीशी उशी लावली, कंबरेभोवती पट्टा आवळला, पायांवर रेनडिअरचं कातडं पसरलं. थंडी शिरली तरी तिच्या पायांना कळणार नव्हतं. म्हणून मोजे कोरडे आहेत ना, ते त्याने स्वतः हात घालून पाहिलं.

"पट्टा फार घट्ट नाही ना, बाई?"

"नाही. पार्सल छान बांधलंत."

एनोक हसला. बोडिल हसली नाही. डेन्मार्कहून तिच्याबरोबर ग्रीनलंडच्या या टोकाच्या गावात आलेली मंडळी सकाळीच टेकडी चढून गेली होती. वरून त्यांचे लाल-निळे कोट दिसत होते. कुणीतरी हात हलवला, तिनेही हलवला. नवरा होता तेव्हा तोही असाच पुढे जायचा आणि हात हलवायचा. जगात कुठेही गेलं तरी तिच्यासाठी एक वेगळी वाट काढलेली असायची, आणि त्या वाटेवर दुसरं कुणी नसायचं.

इथेही तसंच होतं. गावातली सगळी घरं खडकावर, प्रत्येक दारापुढे लाकडी पायऱ्या. रॅम्प एकच, गेस्ट हाऊसपासून थेट गोठलेल्या समुद्रापर्यंत.

"हा कधी बांधला?" तिने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात. मीच बांधला. पाहुण्यांसाठी."

"गावात कुणाला लागत नाही?"

"नाही," एनोक म्हणाला आणि कुत्र्यांचे दोर सोडवायला वाकला.

बोडिल समोरच्या हिरव्या घराकडे बघत होती. खिडकीच्या काचेवर बर्फ धरलं होतं. मागे एक माणूस बसलेला होता, पण दिसत होती ती नुसती आकृती. त्या आकृतीचे खांदे वर उचलले गेले, क्षणभर तसेच राहिले, थोडे बाजूला सरकले आणि खाली बसले. बोडिलने ओळखलं. दोन्ही तळहातांवर भार देऊन अंग उचलायचं आणि जागा बदलायची. ती स्वतः दिवसभर हेच करत असे.

"तिथे कोण राहतं?"

एनोकने मान वर केली नाही. "माझा थोरला भाऊ. पाविया. वादळात बर्फावर अडकला होता. दोन्ही पाय गोठले, गुडघ्याखाली काढावे लागले."

"आणि तुम्ही म्हणालात, कुणाला लागत नाही."

"तो बाहेर येत नाही, बाई. दवाखान्यातून आणला तेव्हा मी त्याला पाठीवर घेऊन निघालो होतो. म्हणाला, मला उचलू नकोस, मी मारून आणलेला सील नाही."

"मग पुन्हा कधी विचारलंत?"

एनोक दोराची गाठ ओढत राहिला. रोज संध्याकाळी तो भावाकडे मासे घेऊन जायचा. दोघं उकळून खायचे, हवेबद्दल बोलायचे. बर्फाचा विषय एनोक काढत नसे. भावाला त्रास नको, असं तो स्वतःला सांगायचा. खरं तर त्याला पुन्हा 'नाही' ऐकायचं नव्हतं.

"स्लेजवर दोघांची जागा आहे," बोडिल म्हणाली. "आणि मला शेजार चालेल."

स्लेज हलू नये म्हणून एनोकने तिचा लोखंडी आकडा बर्फात ठोकला आणि हिरव्या घराच्या पायऱ्या चढून गेला.

दार उघडलं तर पाविया सीलच्या कातड्याचा कोट घालून बसला होता. हातमोजे चढवलेले, टोपी हनुवटीखाली बांधलेली.

"दादा, चल," एनोक एवढंच बोलू शकला.

पावियाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले.

पायऱ्यांवर एनोकला धाप लागली, तसा त्याच्या कानाशी आवाज आला, "पोट सुटलंय तुझं. पूर्वी एवढ्या ओझ्यानं दमत नव्हतास."

त्याने भावाला बोडिलच्या पुढे बसवलं आणि पट्टा दोघांभोवती घेतला. पाविया मान मागे वळवून तिला म्हणाला, "वळणावर माझ्याबरोबर झुका, नाहीतर सांडाल."

"सांडण्यासारखं माझ्याजवळ फारसं उरलेलं नाही," बोडिल म्हणाली.

"माझ्याजवळही," पाविया म्हणाला. एनोक आकडा उपटून मागे उभा राहिला, तशी पावियाने कुत्र्यांना हाक दिली. आवाज आधी फाटला, दुसऱ्या वेळी नीट लागला. स्लेज हिसक्यासरशी निघाली. गाव मागे पडलं, टेकडीवरचे कोट ठिपक्यांएवढे झाले. पहिल्याच वळणावर दोघं एकदम डावीकडे झुकली, आणि बोडिल आज प्रथमच हसली.

हिमनगाच्या सावलीत एनोकने कुत्री थांबवली. थर्मासमधली कॉफी ओतताना मघापासून मनात घोळत असलेला प्रश्न त्याने विचारला.

"दादा, मी आज येणार हे तुला कुणी सांगितलं? तू तर तयार होऊन बसला होतास."

पावियाने कॉफीचा घोट घेतला. समोर बर्फ उन्हात चमकत होतं. त्याने डोळे बारीक केले.

"कुणी नाही. तू कुत्री जोडायला लागलास की मी रोजच तयार होतो. स्लेज दिसेनाशी झाली की कोट काढून ठेवतो."