पोहोचल्याचा फोन

चंद्रपूरच्या हॉटेलात शिरताच मृणाल गावंडेला हुडहुडी भरली. एसी अठरावर होता. तिने बंद केला, तर तो पुन्हा सुरू झाला. चहा बिनसाखरेचा आला. टीव्हीवर आपोआप कुस्ती लागली.

वैतागून तिने रिसेप्शनला फोन केला.

"मॅडम, खोली पाहुण्याच्या सवयींप्रमाणे वागते. तुमच्या कंपनीच्या कार्डावर धोटेसाहेबांच्या सवयी आहेत."

पंपांच्या कंपनीत मृणालला धोट्यांची जागा आणि त्यांचंच कार्ड मिळालं होतं. धोटे मार्चमध्ये वारले होते.

"पुसून टाका सगळं," ती म्हणाली.

"पाच मिनिटं लागतील, मॅडम."

तेवढ्यात खोलीने स्वतःहून एक नंबर लावला. भिंतीतल्या स्पीकरमधून एका बाईंचा आवाज आला, "पोहोचलात का हो?"

मृणालने चाचरत आपण कोण ते सांगितलं.

"कळलं मला," धोट्यांच्या पत्नी म्हणाल्या. "ते गेले तेव्हा मीच होते उशाशी. पण ते तिथं पोहोचले की खोली घरी फोन लावायची. आज तोच नंबर दिसला, अन् तोंडातून निघून गेलं. बाई, तुम्ही पुन्हा याल ना? तेव्हाही हा फोन असाच लागू द्या. मी फक्त—"

आवाज तुटला. मृणालने धावत रिसेप्शन गाठलं.

"झालं मॅडम, सगळं पुसलं."

ती खोलीत परतली. खोलीने अदबीने विचारलं, "आपण सुखरूप पोहोचल्याचं कोणाला कळवू?"

मृणाल पलंगाच्या कडेवर बसली. कितीतरी वेळ तिला एकही नाव सुचेना.