सहावं डोकं

एक डोकं कमी भरत होतं.

देवसिंग जमादाराने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जोडीजोडीने उकिडवे, माना खाली, हात गुडघ्यांवर. दोन, चार, पाच. शेवटच्या टोकाला कोणीतरी खोकत होतं.

"बोला ना! सहावं कुठं गेलं?"

तो रांगेच्या मागे जाऊन पाहून आला.

चार वर्षांमागे, छप्पन साली, असाच एक कमी भरला होता. मागची भिंत चढून कैदी पसार झाला आणि साहेबाने सगळ्यांसमोर देवसिंगचा पट्टा उतरवला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी! रोज बरोबर भरलेली गिनती कोणाच्या ध्यानात राहते हो? राहतो तो पळालेला एक. तेव्हापासून गिनती जुळल्याशिवाय बिचाऱ्याच्या घशाखाली संध्याकाळचा घास उतरत नव्हता.

चुलीकडून धुराचा वास आला. तो तिकडे धावला. सहावं तिथेच होतं, तव्यावर वाकलेलं.

"गिनतीच्या टायमाले इथं काहून?"

"भाकर करपून राह्यली होती," दबका आवाज आला.

त्याने दंडाला धरून रांगेत आणून बसवलं. चालताना पायांतली कडी खणखणली.

"सहा! चला, आत!"

सगळे मुकाट्याने आत गेले. त्याने दाराला भलंमोठं लोखंडी कुलूप घातलं, तीनदा ओढून पाहिलं, किल्ली कमरेला खोचली. आत्ता कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मोहिउद्दीन शिपाई आला. देवसिंगच्याच हाताखाली तयार झालेला. खाकी वर्दी धुळीने भरली होती.

देवसिंगने टाचा जुळवल्या. "सहा. सब ठीक."

मोहिउद्दीन कुलपाकडे पाहतच राहिला.

"जमादारसाहेब," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही रिटायर झाले त्या दिवसापासून जेलात एक कुलूप कमी भरून राह्यलं. साहेबानं मले यवतमाळहून तुमच्या तांड्यावर धाडलं."

"कुलूप नाही भेटणार," देवसिंगने किल्ली मुठीत आवळली. "एखादं पळून गेलं म्हणजे?"

बंद दारामागे पुन्हा खोकला उठला. मग फटीतून देवसिंगच्या बायकोचा, हंसाबाईचा, आवाज आला.

"मोहिउद्दीनभाऊ, नातीले ताप हाय. आज तरी ह्यायले दार उघडाले सांगा."