बाबांची साइट

फॅक्टरीतून सुटल्यावर नेपियर टाउनच्या सायबर कॅफेत बसून बाबांनी २००१ साली जबलपूरच्या मराठी घरांवर वेबसाइट बनवली होती.

काल ते म्हणाले, "केतन, परदेशातली एक कंपनी आपल्या साइटचं नाव विकत मागून राहिली! आधी तपासणीची फी भरा म्हणते. विकायचं नाही आपल्याला, पण कोणाला तरी हवं आहे न!"

"बाबा, फ्रॉड आहे तो," मी हसलो. "ती साइट बघतं तरी कोण?"

"अच्छा," म्हणत त्यांनी फोन खिशात ठेवला.

ते बाजारात गेल्यावर मी ती साइट आयुष्यात पहिल्यांदा उघडली. शेवटी वाचकांच्या अभिप्रायांचं पान होतं. इतक्या वर्षांत तिथे एकच अभिप्राय आला होता.

 

"बाबा, मस्त झाली साइट! – केतन"