विजयाची मिरवणूक

"डावा हात अडकलाच पाहिजे, सर." इतिहासाच्या बाईंनी खेळाच्या सरांच्या खांद्यावर पांढऱ्या चादरीची चूण नीट बसवली. "टोगा म्हणजे ज्याला काम करावं लागत नाही त्याचा पोशाख."

"मग आमचे कारकून बारा महिने टोग्यातच असतात," सर म्हणाले. कारकूनही हसले.

शिक्षकांचा वार्षिक मेळावा यंदा रोमन थाटाचा होता आणि खेळ सगळे बाईंनीच आखले होते. चार वाजता संस्थेचे अध्यक्ष येणार होते. दोन महिने रिकामी असलेल्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर कोण बसणार, हे ते जाहीर करणार होते. बाईंची नोकरी एकोणतीस वर्षांची. अर्ज गणिताच्या धाकट्या बाईंचाही होता, पण ती यांचीच विद्यार्थिनी. "भर गं तूही, मुलाखतीची सवय होईल," असं बाईंनीच तिला सांगितलं होतं.

पहिला खेळ द्राक्षांचा. हात न लावता घोस संपवायचा. बाईंचा घोस संपला तेव्हा सरांचा अर्धाही झाला नव्हता. मग कागदी ताटल्यांची थाळीफेक. मुलांशी कॅरम खेळतानाही एक सोंगटी न सोडणारे सर, पण त्यांची ताटली पायाशीच पडली.

"वारं आहे," ते म्हणाले. खिडक्या बंद होत्या.

पुतळ्यासारखं उभं राहायच्या खेळात तर बाईंना हसवायला कुणी पुढेच आलं नाही. बाई काय समजायचं ते समजल्या. उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. एकोणतीस वर्षं कुणी साधा चहा विचारला नव्हता, आज तिघांनी खुर्ची पुढे केली. त्यांनी मोठ्या मनाने सगळ्यांना माफ करून टाकलं.

कोपऱ्यात धाकट्या बाई उभ्या होत्या.

"तोंड का पाडलंस? हरणंही शिकावं लागतं, पोरी."

"हो, बाई."

शेवटी विजेत्याची मिरवणूक. व्यायामाच्या गाद्या वाहायची ढकलगाडी हाच रथ. बाईंच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढला.

"आता नीट ऐका," बाई वर्गात सांगतात तशा सावकाश म्हणाल्या. "जिंकून आलेल्या सेनापतीच्या मागे एक गुलाम उभा असायचा. 'तूही माणूसच आहेस, मरणार आहेस,' असं त्याच्या कानात सांगायचा. आपण मरणाचं नको बोलूया. पण जे सांगायचं ते खरंच हवं. ऐकून हसू मावळलं, तर मुकुट गेला."

गुलाम ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. निघाली धाकट्या बाईंची.

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना, बाई."

"राहू द्या की," कारकून घाईने म्हणाले. "मुकुट तुमचाच आहे."

"नियम म्हणजे नियम. आणि हिला खोटं बोलता येत नाही, मीच शिकवलंय. चढ गं."

धाकट्या बाई गाडीवर चढल्या. सरांनी गाडी ढकलली. टाळ्या सुरू झाल्या, जरा जास्तच जोरात. बाईंनी उजवा हात उंच केला आणि कान मागे कलता केला.

"मुख्याध्यापिकेच्या नेमणुकीचं पत्र मला सकाळीच मिळालं, बाई," कानाशी आवाज आला. "इथे सगळ्यांना माहीत आहे."