सुईचे तास

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर विकायला मुलगा दुरुस्तीवाल्याकडे घेऊन आला. सोबत वडिलांची वहीही होती. सुई किती तास चालली, ते त्यात रोजच्या रोज लिहिलेलं. इतका काटेकोर माणूस दुरुस्तीवाल्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती : नवी सुई, बारा तास.

"बाबा गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही," मुलगा म्हणाला. "आईला तर पहिल्यापासून या गाण्यांचा वैताग. कालही म्हणाली, घेऊन जा एकदाचं ते धूड."

दुरुस्तीवाल्याने भिंग डोळ्याला लावलं. सुईचं टोक पार झिजून सपाट झालं होतं.

"बारा तास? छे! ही हजार तास तरी चाललीय."

मुलगा वहीकडे बघत राहिला.

"विकायचं राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "नवी सुई बसवा. पण दुपारच्या आत हवा. दुपारी आई घरी एकटी असते."