तांब्याभर पाणी

पालघरात नवी मासळी मंडई उघडली, तशी शिरगावच्या कोळणींना पहिल्याच सकाळी टोपल्यांसकट तिथं आणून बसवलं. पांढऱ्याशुभ्र फरशा, काचेचा दरवाजा, डोक्यावर पंखे. तीस वर्षं रस्त्याच्या धुळीत बसलेल्या बाया हरखून गेल्या. फोटोही निघाले.

त्यांच्यातल्या जमनाला मात्र हे काही पटेना. मासळीवर शिंपडायला आणलेला पाण्याचा तांब्या तिनं उचलला आणि अख्खा फरशीवर ओतला. पाणी कुठंच गेलं नाही. तिच्या पायाशीच तळं करून राहिलं.

"साएब, नाली कुठं हाय?" तिनं मंडई बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारलं.

"मावशी, फरशी नवी आहे. इथं पाणी सांडायचं नाही."

"मंग मासली काय रुमालानं पुसू?"

साहेब मोबाइलमध्ये बघायला लागले.

जमनानं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "ही मंडई आपल्यासाटी बांदलेलीच नाय. ऊठ, रस्त्यावरची आपली जागा धर!" टोपली डोक्यावर घेऊन ती रस्त्याकडे धावत सुटली.



तिच्या जागेवर पार्किंगचे पिवळे पट्टे मारून झाले होते, आणि रंग वाळलाही होता.